पोच कुठं अडकली? नागपूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर व्यवसायाचे पहिले २३ ग्राहक

(पोच म्हणजे माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

पार्श्वभूमी

उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरत-कोलकाता दिशेचा ५३ नागपुरात भेटतात. म्हणून अमरावती रोडवरच्या वाडीत आणि भंडारा रोडवरच्या कापसीत ट्रान्सपोर्ट ऑफिसं नि गोदामं दाटीनं उभी आहेत. त्यातली बरीचशी लहान: मालक, एक मुनीम, एक-दोन पोरं, बिल्टीबुक (बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारी ट्रान्सपोर्टची पावती) आणि दिवसभर वाजणारे फोन. स्वतःच्या चार-सहा गाड्या, बाकी बाजारातून उचललेल्या.

या ऑफिसांसाठी दोन भागीदारांनी सॉफ्टवेअर बनवलं. एकानं पुण्यात सहा वर्षं प्रोग्रामिंगची नोकरी केली होती. दुसरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचचा हिशोब बघायचा. हाताशी बचत ६ लाख रुपये, दोघांचा आणि सर्व्हरचा मिळून महिन्याचा खर्च ३८ हजार. सात महिने खपून त्यांनी एकच काम नीट करणारं सॉफ्टवेअर तयार केलं: ई-वे बिलाची (माल रस्त्यानं नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपत आली की मोबाईलवर आठवण.

कल्पना चुकीची नव्हती. साधारण मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदत मध्यरात्री संपते. मुदत संपलेलं बिल घेऊन गाडी तपासणीत सापडली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल आणि गाडी दोन्ही अडकतात. मालाचा मालक स्वतः पुढं आला तरी करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड भरावा लागतो. धोका खरा होता. तो टाळायला ट्रान्सपोर्टवाला दर महिन्याला पैसे मोजेल का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

अडचण

पहिल्या महिन्यात दोघं मिळून १४ ग्रुपमध्ये शिरले. त्यातले ९ व्हॉट्सअॅपवरचे लोड ग्रुप (कुठं माल आहे, कुठं गाडी हवी ते टाकायचे), २ फेसबुकवरचे, एक टेलिग्रामवरचा जीएसटी सल्लागार आणि अकाउंटंट लोकांचा, एक मोटर मालकांचा, एक ड्रायव्हरांचा. सगळीकडे एकच मजकूर आणि खाली लिंक. दोन ग्रुपमधून त्याच दिवशी काढून टाकलं. ३१ जणांनी नोंदणी केली, चौघांनी दुसऱ्यांदा उघडलं, पैसे कुणीच दिले नाहीत.

मग आणखी एक चूक झाली. एका ग्रुपच्या सदस्य यादीतून ६० नंबर उचलून त्यांना थेट मेसेज पाठवले. लोकांनी तक्रार नोंदवली आणि दोन दिवसांत तो व्हॉट्सअॅप नंबर बंद पडला. तोच नंबर भागीदाराचा घरचा, बँकेचा आणि आधीच्या ३१ जणांशी बोलण्याचा होता. ज्या चौघांनी दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर उघडलं होतं त्यांच्याशी संपर्क पुन्हा जोडायला आठवडा गेला. धंद्याचा नंबर पहिल्या दिवसापासून वेगळा हवा, ही नवख्यांना सांगायची पहिली गोष्ट. आणि ग्रुपच्या यादीतून नंबर उचलणं हे नुसतं धोक्याचं नाही, चूकच आहे. त्या माणसानं नंबर ग्रुपला दिलेला असतो, तुम्हाला नाही.

लोड ग्रुप का चालले नाहीत, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हे ग्रुप व्हॉट्सअॅपच्या १०२४ सदस्यांच्या मर्यादेपर्यंत भरलेले असतात, म्हणून बाहेरून सोन्याची खाण वाटतात. आत दर मिनिटाला "नागपूर टू रायपूर, ३२ फुटी, अर्जंट" असे मेसेज पडत असतात. तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. बाजारात ओरडल्यासारखं भाव सांगून माणूस पुढं जातो. आपला मेसेज तीन मिनिटांत वर सरकतो. सदस्य हजार, संभाषण शून्य.

समोरचे पर्याय

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी चार वाटा कागदावर मांडल्या.

जाहिरात: गुगल किंवा फेसबुकवर रोज ५०० रुपये धरले तरी महिन्याला १५ हजार, म्हणजे बचतीला मोठी गळती. शिवाय सॉफ्टवेअर कुणाला हवं तेच नक्की नसताना जाहिरात कुणाला दाखवायची?

एकगठ्ठा एसएमएस: त्यासाठी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी नावाच्या नोंदणी व्यवस्थेत नाव, हेडर (एसएमएसवर दिसणारं पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. ते करता आलं असतं, पण मुनीम असले एसएमएस वाचत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

वाडीत दारोदार फिरणं: खात्रीचं, पण सावकाश. दुपारनंतर लोडिंग सुरू झालं की रात्रीपर्यंत ऑफिसात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. बोलायला सकाळी ११ ते १ हीच वेळ, म्हणजे दिवसाला तीन-चार ऑफिसं.

ग्रुपमध्येच राहायचं, पण काहीही न विकता: यात पैसा लागत नव्हता, रात्री जागावं लागणार होतं.

त्यांनी शेवटचे दोन एकत्र धरले. १४ पैकी दोन ग्रुपमधून आधीच काढलं होतं, आणखी ९ सोडले. टेलिग्रामवरचा अकाउंटंट लोकांचा, मोटर मालकांचा आणि एक लोड ग्रुप एवढेच ठेवले. सहा आठवडे लिंक टाकायची नाही, सॉफ्टवेअरचं नावही काढायचं नाही, असं ठरलं. लोड ग्रुप "एवढे लोक आहेत तर" म्हणून ठेवला होता. तोही सोडायला हवा होता, असं आमचं मत.

काय केलं

पहिलं काम तिन्ही ग्रुपच्या अॅडमिनला फोन. तीन वाक्यं: आम्ही कोण, ग्रुपमध्ये फक्त ई-वे बिलाच्या प्रश्नांना उत्तरं देऊ, काही खटकलं तर सांगा, लगेच थांबू. त्यातल्या एकानं आधीच्या लिंकवरून चांगलंच सुनावलं. ते ऐकून घेतलं, माफी मागितली. त्यानंच पुढं दोनदा लोकांना "हे भाऊ सांगतात बरोबर" असं म्हटलं.

दुसरं, ग्रुपमध्ये येणारा प्रत्येक प्रश्न शीटमध्ये उतरवायला सुरुवात केली. रकाने पाच: तारीख व वेळ, विचारणारा मालक की मुनीम, प्रश्न त्याच्याच शब्दांत, आधी कुणी काय उत्तर दिलं, आणि यात पैसा अडकला आहे का. पाचव्या रकान्यानं पुढं सगळी दिशा बदलली.

वेळेच्या रकान्यातून एक गोष्ट आठवड्यातच दिसली. निम्म्याहून जास्त प्रश्न रात्री ९ ते १२ मध्ये येत होते, कारण बिलं मध्यरात्री संपतात. दोघांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि २० मिनिटांत उत्तर द्यायचा नेम केला. उत्तर चार-पाच ओळींचं, सोबत ४० सेकंदांच्या आतला व्हॉइस मेसेज, कारण बरेच मालक वाचत नाहीत, ऐकतात. भाषा वाडीची, मराठी आणि हिंदी मिसळलेली.

त्यातली एक रात्र जवळून बघू. बुधवारी १०:५० ला मोटर मालकांच्या ग्रुपवर एका मुनीमाचा आवाज आला: "बुटीबोरी ते हैदराबाद गाडी आहे जी, आदिलाबादच्या पुढं गिअरबॉक्स गेला. दुसरी गाडी सकाळी सहाला भेटते म्हणतात. ई-वे बिल आज बाराला संपून राहिलं. मालक लग्नात, फोन नाही उचलून राहिले." दहा मिनिटांत तीन सल्ले आले. एक म्हणाला नवीन बिल काढा. दुसरा म्हणाला रात्री कोण पकडतं. तिसऱ्यानं १०० किलोमीटरला एक दिवस सांगणारं जुनं चित्र पुढं ढकललं. तो नियम १ जानेवारी २०२१ पासून बदललेला आहे.

११:०२ ला भागीदाराचं उत्तर गेलं:

"१) त्याच मालाचं नवीन बिल काढू नका, आहे त्याचीच मुदत वाढवा. बिलात ट्रान्सपोर्टर म्हणून तुमचा आयडी असेल तर ते तुम्हालाच करता येतं. २) संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास वाढवता येते, म्हणजे सकाळी ८ पर्यंत वेळ आहे. घाबरू नका, पण आत्ताच करा. ३) कारणाच्या जागी ट्रान्सशिपमेंट (माल दुसऱ्या गाडीत हलवणं) टाका, माल उभा आहे तिथला पिनकोड आणि उरलेलं अंतर टाका. ३०० किमी असेल तर दोन दिवस मिळतील. ४) दुसरी गाडी आली की तिचा नंबर भाग ब मध्ये (बिलातल्या गाडीच्या माहितीच्या भागात) टाका, त्याआधी माल हलवू नका. ५) ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो ते आत्ता बघा."

सगळं अडलं होतं ते पाचव्या ओळीपाशी. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डसोबत ओटीपी लागतो, आणि तो मालकाच्या मोबाईलवर जात होता. मांडवात माणूस पाठवून मालकाला गाठलं, ११:४० ला काम झालं. दुसऱ्या सकाळी भागीदारानं ग्रुपवर एकच गोष्ट सांगितली: रात्रीच्या मुनीमासाठी पोर्टलवर वेगळा सब-युजर (त्याच खात्याखालचं दुसरं लॉगिन) बनवा, त्याला त्याचाच मोबाईल जोडा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे येईल. सोबत सहा स्क्रीनशॉट, गाडी नंबर आणि जीएसटी नंबर झाकून. २६ जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या अकरा जणांनी खाजगीत फोन करू का म्हणून विचारलं. सहा आठवडे पाळलेला नियम इथं फळाला आला.

निर्णयाची पहिली जागा: कशाला पैसे मिळतील

शीटमध्ये पाच आठवड्यांत १४० प्रश्न जमले होते. पोच आणि बाकी भाडं यांबद्दल ४१, मुदतवाढ ३३, भाग ब २२, भाड्यावरचा जीएसटी कुणी भरायचा १९, इतर २५. पाचव्या रकान्यात मात्र सरळ फरक दिसला. मुदतवाढीच्या प्रश्नात भीती होती. पण पोर्टल फुकट आहे, वेळेत केलं की संपलं. पोचेच्या प्रश्नात दर वेळी रुपये होते.

पोच म्हणजे माल उतरल्यावर घेणाऱ्याच्या सही-शिक्क्याची बिल्टीची प्रत. ती परत आली नाही तर ट्रान्सपोर्टवाल्याला पार्टीला (भाडं देणाऱ्या ग्राहकाला) बिल लावता येत नाही, आणि पार्टीची उधारी बिल लागल्याच्या तारखेपासून मोजली जाते. पोच तीन आठवडे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पडली तर पैसा तीन आठवडे उशिरा येतो. इकडे गाडीमालक बाकी भाड्यासाठी रोज फोन करतो.

त्या अकरा जणांना फोनवर डेमो दिला नाही. एकच विनंती केली: शेवटच्या दहा गाड्यांच्या पोचा कुठं आहेत ते दाखवता का? सात ऑफिसांत प्रत्यक्ष जाऊन बघितलं. एका ठिकाणी लांब रजिस्टर होतं, पोच आली की निळी खूण, नाही आली की लाल गोल. जुन्या पानांवरही लाल गोल राहिले होते. मुनीम त्यावर बोट ठेवून म्हणाला, "तुमचं आठवणीचं सॉफ्टवेअर राहू द्या जी, ही कुठं अडकली ते सांगत असाल तर बोला."

दोघांत इथं वाद झाला, आणि तो होणं रास्त होतं. प्रोग्रामरच्या मते सात महिन्यांचं काम टाकून देणं म्हणजे घाबरून पळणं. दुसऱ्याचं म्हणणं, कुणी पैसे न देणारं काम आणखी सात महिने रेटणं त्याहून वाईट. तोडगा असा निघाला की जुनं सॉफ्टवेअर गोठवायचं, नवीन एक ओळही लिहायची नाही, आणि पोचेचं काम तीन आठवडे हातानं करून बघायचं.

निर्णयाची दुसरी जागा: फुकट की पैसे घेऊन

हातानं म्हणजे असं: ड्रायव्हरनं पोचेचा फोटो एका व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवायचा, भागीदारानं बिल्टी नंबर बघून शीटमध्ये चढवायचा, रोज सकाळी १० वाजता मुनीमाला न आलेल्या पोचांची यादी जायची: गाडी नंबर, ड्रायव्हरचा फोन, किती दिवस झाले. ड्रायव्हरनं अॅप टाकायचं नाही, ही अट पहिल्या दिवसापासून. दर फेरीला ड्रायव्हर बदलतो तिथं अॅपचा आग्रह धरला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं.

फुकट दिलं असतं तर अकराच्या अकरा हो म्हणाले असते. भागीदारांनी तीन आठवड्यांचे ५०० रुपये आगाऊ मागितले. सात जणांनी दिले. आमच्या नजरेत या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. ५०० रुपयांनी खर्च निघत नव्हता, पण पैसे दिलेल्या मुनीमानं यादी चुकली की फोन करून भांडण केलं, आणि त्या भांडणांतूनच सॉफ्टवेअर घडलं.

काय बिघडलं तेही नोंदवायला हवं. फोटो अंधारात काढलेले, बिल्टी नंबर वाचता न येणारे. शिक्का प्रतीच्या मागच्या बाजूला आणि फोटो पुढच्या बाजूचा, असं सारखं होई. त्यावर लोडिंगच्या वेळीच ड्रायव्हरला एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली: दोन्ही बाजूंचा फोटो, उजेडात, बिल्टी नंबर मेसेजमध्ये लिहून. दुसरी अडचण मोठी होती. काही पार्ट्या फोटो चालवत नाहीत, शिक्क्याची मूळ प्रतच मागतात. तिथं फोटोनं पैसा सुटत नाही. फक्त माल पोचला हे कळतं आणि बिल तयार ठेवता येतं. हे त्यांनी ग्राहकांना आधीच स्पष्ट सांगितलं आणि मूळ प्रत कुरिअरनं कधी निघाली याचा रकाना वाढवला. दोन ऑफिसं याच कारणानं "मग काय उपयोग" म्हणून बाजूला झाली.

निर्णयाची तिसरी जागा: अॅडमिनला कमिशन

सॉफ्टवेअर तयार झाल्यावर दर ठरला महिन्याला १,२०० रुपये, ३०० बिल्ट्यांपर्यंत. त्याच सुमारास अकाउंटंट ग्रुपच्या अॅडमिननं प्रत्येक ग्राहकामागं ३०० रुपये मागितले. मागणीत गैर काही नाही. त्यानं ग्रुप वर्षानुवर्षं सांभाळला होता. भागीदारांनी नाही म्हटलं आणि त्याऐवजी ग्रुपच्या सगळ्या सदस्यांना पहिला महिना निम्म्या दरात दिला, तोही ग्रुपवर उघडपणे सांगून. कमिशन गुपचूप दिलं असतं आणि नंतर बाहेर आलं असतं तर "सांगतात बरोबर" ही ओळख संपली असती. किंमत मोजावी लागली: अॅडमिन महिनाभर अबोल राहिला आणि त्या महिन्यात तिथून एकही ग्राहक आला नाही.

निकाल

पैसे देणारी ऑफिसं आठ महिन्यांत २३ झाली. अकाउंटंट ग्रुपमधून ९, आधीच्या ग्राहकांच्या सांगण्यावरून ६, वाडीत फिरून ५, मोटर मालकांच्या ग्रुपमधून ३, लोड ग्रुपमधून शून्य. अकाउंटंट पुढं का राहिले याचं कारण साधं आहे: एक अकाउंटंट आठ-दहा ट्रान्सपोर्टवाल्यांची खाती बघतो, आणि पोच नसल्यानं अडकलेलं बिल महिनाअखेरीस त्याच्याच टेबलावर येतं.

चार ऑफिसांनी सोडलं, १९ चालू आहेत. महिन्याला २२,८०० रुपये येतात आणि खर्च ३८ हजार आहे. धंदा अजून स्वतःच्या पायावर उभा नाही. आज जेवढा खर्च आहे तो भागवायला ३२ ऑफिसं लागतील. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची यूपीआय सोय दिली होती, ती फक्त पाच मालकांनी घेतली. बाकीच्यांना पाच तारखेला क्यूआर कोड पाठवावा लागतो आणि बऱ्याचदा दोनदा आठवण करावी लागते.

वेगळं काय करता आलं असतं

सात महिने आधी बनवून मग ग्रुपमध्ये जाण्याऐवजी शीट आधी भरायला हवी होती. पाच आठवड्यांत १४० प्रश्नांनी जे दाखवलं ते एक ओळही न लिहिता दिसलं असतं. एवढा एक बदल झाला असता तर बचतीतले अडीच लाखांहून जास्त रुपये वाचले असते.

वाडीत फिरणं फार लवकर थांबवलं. सातव्या ऑफिसनंतर ग्रुपमधूनच लोक येत आहेत म्हणून पाय आखडते घेतले, आणि कापसीकडं तर कुणी गेलंच नाही. ग्रुपमध्ये ओळख झालेला माणूस समोर बसला की तासाभरात हो किंवा नाही सांगतो; फोनवर तेच तीन आठवडे लांबतं.

सोडून गेलेल्या चारपैकी तीन ऑफिसांत कारण एकच निघालं: मुनीम बदलला. सॉफ्टवेअर त्याच्या एकट्याच्या मोबाईलवर होतं, सकाळची यादी त्यालाच जायची, नवीन माणसाला ती कशाची हेच माहीत नव्हतं. मालकाला वाटलं बंद पडलं. आता नवीन ऑफिस जोडताना पहिल्याच दिवशी दोन मोबाईल नंबर घेतले जातात, एक मुनीमाचा आणि एक मालकाच्या घरातल्या कुणाचा तरी, आणि सकाळी १० ची यादी दोन्हींवर जाते.